लालसूचं रीळ

दिगू,

नागपूरच्या साप्ताहिकाच्या संपादकांनी मला तुझ्यावर लिहायला सांगितलं आहे. जन्म कुठला, शिक्षण किती, माहितीपट कोणकोणते काढले, ते कुठे दाखवले गेले, असं सगळं त्यांना हवं आहे. मी लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो. 'कै. दिगंबर' एवढं लिहून हात थांबला. तुझ्या नावाआधी ते अक्षर मला बघवेना. तो कागद बाजूला सारला आणि हा दुसरा घेतला. यात तुझं शिक्षण नाही. त्यांना छापायचं असेल तर छापोत, नाहीतर तंबूत शेंगदाणे बांधायला उपयोगी पडेल.

तू माझ्याआधी जायला नको होतंस. मी वयानं मोठा, बिड्या मी ओढायचो, दम मला लागायचा. पण हिवतापानं धरलं ते तुला. दरवर्षी पावसाळा सरला की तो यायचा आणि आपला आपण जायचा, म्हणून याही खेपेला आम्ही त्याला जायला सवड दिली. चांद्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा तू मला ओळखलंस, पण विचारलंस भलतंच. "बंडी आली का?" म्हणालास. मी म्हणालो, आली, सामान चढवून राह्यलो. तू मान हलवलीस आणि डोळे मिटलेस. तुझ्याशी बोललेला माझा शेवटचा शब्द खोटा होता, पण तू निश्चिंत झालास.

आपली ओळख मंडईतली. दिवाळी झाली की आपल्या झाडीत गावोगाव मंडया म्हणजे जत्रा भरतात, दंडारीची नाटकं होतात, आणि माझा सिनेमाचा तंबू त्यांच्या मागे फिरतो. त्या साली ब्रह्मपुरीच्या बाजूला तंबू ठोकला होता. पौराणिक खेळ, तंबू खच्चून भरलेला. मुख्य सिनेमाआधी सरकारी माहितीपट दाखवणं आम्हा तंबूवाल्यांना सक्तीचं, आणि त्याचं भाडंही आमच्याच खिशातून. धरण, खताचा कारखाना, कुठल्यातरी मंत्र्याच्या हातात फीत कापायची कात्री. लोक तेवढ्यात बिडी ओढायला बाहेर जायचे, मीही जायचो. त्या दिवशी परत आलो तर रिकाम्या तंबूत एक माणूस मांडी घालून पडद्याकडे टक लावून बसला होता. पडद्यावर देव आले तसा तो उठला, माझ्याजवळ आला आणि म्हणाला, तो पहिला सिनेमा पुन्हा लावता का? मी तुला वेडा समजलो. ते मत मी पुढेही फारसं बदललं नाही.

तू शाळेतली ड्रॉइंग मास्तरकी सोडून चांद्याला फोटोचं दुकान टाकलं होतंस. विलायतेला परत जाणाऱ्या जंगलखात्याच्या एका साहेबाकडून जुना कॅमेरा घेतला होतास. घड्याळासारखी किल्ली द्यायची, मग तो अर्धा मिनिट घरघरत चालायचा आणि थांबायचा. पुन्हा किल्ली. तुझं सगळं काम त्या अर्ध्या अर्ध्या मिनिटांचं. त्या पहिल्या भेटीत तंबूच्या दोरीला टेकून तू मला म्हणालास, "धरन दाखवणाऱ्याले धरनवाला पैसे देते. गाव दाखवणाऱ्याले कोन देईल?" मी म्हणालो, कोणी नाही, आणि माझं म्हणणं खरं ठरत गेलं. तरी त्या दिवसापासून तुझ्यासाठी पैसा शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी तुझा मुनीम कधी झालो ते मला कळलंच नाही.

आठवतं, आपण कोणाकोणाची दारं वाजवली? लाकडाच्या ठेकेदारानं आपल्याला जेवू घातलं आणि मग म्हणाला, सिनेमात प्रत्येक वेळी माझा ट्रक आला पाहिजे, नावाची पाटी दिसेल असा. एका शेठजींना आपल्या वडिलांच्या पुतळ्यावर पट हवा होता, आणि पुतळा अजून घडायचा होता. प्रसिद्धी खात्यातला एक जण खरंच भला होता. त्याला चित्रं आवडली, फक्त वरून बोलणारा आवाज त्यांचा असणार होता, आणि तो आवाज सांगणार होता की हे लोक अज्ञानात खितपत पडले आहेत. तू हात जोडलेस आणि निघालास. बाहेर आल्यावर मी तुझ्यावर चिडलो. मी म्हणालो, आवाज त्यांचा राहू दे, चित्र तर तुझं राहील. तू म्हणालास, तुझ्या तंबूतले लोक आवाज ऐकून बाहेर जातात, चित्र बघतं कोण? नागभीडला गाडी बदलेपर्यंत मी तुझ्याकडे पाठ करून बसलो.

नागपूर तेव्हा राजधानी होतं. छोट्या गाडीनं हादरत जायचं, स्टेशनवर तोंड धुवायचं, माझा काळा कोट तू चढवायचास आणि साहेबांच्या व्हरांड्यात बसायचं. तो कोट तुला खांद्यात ढगळ व्हायचा. किती साहेब झाले, पण एकच असा निघाला की त्यानं तुझा छोटा तुकडा पाहिला आणि पुन्हा लाव म्हणाला. मी तुझ्याकडे बघितलं. तंबूत तू मला तेच म्हणाला होतास.

त्या साहेबांनी आपल्यासमोर गोष्ट स्पष्ट मांडली. कलांना मदत करणारं एक मंडळ होतं आणि त्यात त्यांचा शब्द चालत होता. पावसाळ्यानंतर मंडळ बसणार होतं. एक पूर्ण रीळ तयार करून आणा, सगळे मिळून बघू, पसंत पडलं तर वर्षभराची कोरी फिल्म, ती धुण्याचा खर्च, प्रवास आणि घर चालवायला मानधन. वरचा आवाज तुमच्या मर्जीचा. वर्षभर तुला लग्नातल्या नवरा-नवरीचे फोटो काढावे लागणार नव्हते. एका गावाचं पुरं एक वर्ष चित्रात धरायचं, नांगरणीपासून मोहाच्या फुलापर्यंत, हे जे तू मला तोंड दुखेपर्यंत सांगत आलास, ते एका रिळाच्या अंतरावर आलं होतं. तुझ्या घरी आल्यावर सुमनवैनीला सांगितलं तर तिनं आधी विश्वास ठेवला नाही. मग चहात गूळ जास्त घातला.

ते एक रीळ म्हणजे लालसूचं रीळ.

लालसूचं गाव भामरागडच्या पलीकडे, इंद्रावतीच्या अंगाला. आलापल्लीपर्यंत मोटार आणि पुढे बैलांची बंडी. लालसू म्हातारा, माडिया, दात पडलेला, आणि कॅमेऱ्याला किल्ली द्यायचा मान त्यानं स्वतःकडे घेतलेला. तुझा हात किल्लीकडे गेला की तो तुला बाजूला सारायचा. त्याला वाटलं की समोर काही बघण्यासारखं चाललंय, तर तो पूर्ण किल्ली द्यायचा. नाहीतर चार फेरे देऊन सोडून द्यायचा, मग तू कितीही ओरड. तू खोटं खोटं रागवायचास. बांबू चिरून मासे धरायचा सापळा विणताना तू त्याचं चित्र घेतलंस, ताडावर चढताना घेतलंस, नातवाच्या डोक्यावरून पाणी ओतताना घेतलंस. मधूनच तो सरळ काचेत बघून हसतो. असं हसणं चालत नाही, हे कापून टाक, असं मी तुला सांगितलं. तू ते कापलं नाहीस, आणि बरं केलंस.

निघताना लालसूनं विचारलं, हे सगळं कुठी दिसल? तू त्याला शब्द दिलास की पहिला खेळ त्याच्याच गावात, त्याच्यासमोर, त्याआधी कुणालाच नाही. मी पाठीमागे उभा होतो. तेव्हा मला तो शब्द चांगला वाटला, कारण माझा त्यात काही खर्च नव्हता.

फिल्म मुंबईहून धुऊन आली. जाणत्यांना सांगायला नको, पण संपादकांसाठी लिहितो: आपली फिल्म रिव्हर्सल होती. तिला वेगळी निगेटिव्ह नसते. जी पट्टी कॅमेऱ्यात फिरली तीच धुऊन पडद्यावर येते. ती एकच. दुसरी प्रत काढायची तर ती पुन्हा मुंबईला पाठवायची आणि त्याचे वेगळे पैसे मोजायचे, ते आपल्याकडे नव्हते. मंडळाचे पैसे आले की पहिलं काम तेच करू, असं ठरलं. माझ्या कोठीत दोरीवर तुकडे वाळत घातल्यासारखे टांगून तू ते रीळ जोडलंस. मी आधी नागपूर म्हणत होतो, तू आधी गाव. तू म्हणालास, शब्द लालसूले देल्ला हाय. दसरा झाला, रस्ते उघडले, आणि माझं छोटं यंत्र, जनरेटर, पडदा असं सगळं बंडीत घालून आपण गेलो.

गावात शिरलो तर लालसू सामोरा आला नाही. पावसाळ्यात तो गेला होता. नदी भरलेली, वाट बंद, आपल्याला कोण कळवणार. त्याची बायको जैनी ओसरीत बसली होती. तुझ्याकडे बघून ती उठली नाही. तू तिच्याजवळ खाली बसलास आणि किती वेळ बसूनच राहिलास. मला वाटलं, आता खेळ होणार नाही. पण गायतानं, म्हणजे गावच्या प्रमुखानं, जैनीला विचारलं आणि ती म्हणाली, लावा.

दिवस मावळल्यावर पडदा बांधला. लालसू आला. सापळा विणला, ताडावर चढला, नातवाला न्हाऊ घातलं, आणि आपल्याकडे बघून हसला. मी आयुष्यभर लोकांना पडद्याकडे बघताना बघत आलो, त्यांच्या तोंडावरून तिकिटं किती खपतील ते मला कळतं. त्या दिवशी मी कोणाच्याच तोंडाकडे बघू शकलो नाही. रीळ संपलं तेव्हा जैनी उठून पडद्याजवळ गेली आणि तिनं कापडाच्या मागे जाऊन बघितलं. मग ती गायताशी बोलली, हळू आणि थोडंसंच.

गायता आपल्याला समजावून सांगू लागला. त्या गावची रीत अशी की माणूस गेला की त्याची कुऱ्हाड, त्याचा भोपळ्याचा तुंबा, त्याचं कांबळं, सगळं त्याच्या नावाच्या दगडापाशी नेऊन ठेवायचं. घरात त्याचं काही ठेवायचं नाही, नाहीतर तो धड इथला नाही आणि धड तिथला नाही, असा मधेच राहतो. लालसूचं सगळं तिथे पोचलं होतं. हे तेवढं राहिलं होतं. हे बी त्याचंच हाय, असं गायता म्हणाला.

मी पुढे झालो. मी गोडीनं सांगितलं की आमचं फार मोठं काम या रिळावर अडलं आहे. नागपूरला दाखवतो, मुंबईहून दुसरी काढून घेतो, आणि हेच तुमचं तुम्हाला आणून देतो. मी शपथ घेतली. गायतानं ते जैनीला सांगितलं. ती विचार करत होती, तिला आमचं वाईट करायचं नव्हतं, हे मला दिसत होतं. मग तिनं एक प्रश्न विचारला आणि गायतानं तो आपल्या भाषेत आणला.

"बाई म्हनते, तवरिक तो कुठी राह्यल?"

तू यंत्रावरून रीळ उतरवलंस, डब्यात घातलंस, झाकण नीट दाबून बसवलंस आणि डबा तिच्या हातात दिलास. माझ्याकडे बघितलंही नाहीस.

दिगू, त्यानंतर आपण जे भांडलो ते तुझ्या शेवटच्या दुखण्यापर्यंत मिटलं नाही. बंडीत भांडलो, आलापल्लीला मोटारीत भांडलो, लोक माना वळवून बघत होते. मी म्हणालो, हजारो लोकांनी लालसूला बघितलं असतं, आता त्याला वाळवी बघणार. मी म्हणालो, एक शब्द पाळायला गेलास आणि वैनीच्या वर्षभराच्या भाकरीवर पाणी सोडलंस. मी हेही म्हणालो की तुला सिनेमा काढायचाच नाही, तुला चांगलं म्हणवून घ्यायचं आहे. मी पुन्हा म्हणालो, निदान दुसरी प्रत असती तर हा प्रश्नच आला नसता. तेव्हा तू एवढंच बोललास, "दुसरी असती त तेबी देली असती."

नागपूरला मंडळापुढे तू रिकाम्या हातानं गेलास. साहेबांनी विचारलं, रीळ कुठे आहे? तू सांगितलंस, ज्याचं होतं त्याच्याकडे गेलं. बाकीचे हसले, साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, दुसरं रीळ करून आणा, मी आहे इथे. ते खरंच थांबले असते. पण पुढे राज्यांची फेररचना झाली, नागपूरची राजधानी गेली, कचेऱ्या काही इकडे, काही तिकडे झाल्या, आणि ते मंडळ कुठे विरलं ते कोणाला सांगता आलं नाही. मुंबईला नव्यानं दारं वाजवायला आपल्यात दम उरला नव्हता. तू लग्नांचे फोटो काढत राहिलास. त्यातून जे उरेल त्याची कोरी फिल्म आणायचास आणि उन्हाळ्यात तिकडे जायचास. चार किल्ल्यांची फिल्म, कधी पाच. ते वर्षभराचं गाव कधी पुरं झालंच नाही. तुकडे माझ्या कोठीत आहेत, उन्हाळ्याचेच सगळे. पाऊस आणि पेरणी त्यात नाहीच.

चांद्याला तुझी शोकसभा झाली. वाचनालयाचं दालन भरलं होतं. साहेब आता निवृत्त झाले आहेत, तेही आले होते. भाषणं झाली. जे लोक तुला व्हरांड्यात बसवून ठेवायचे त्यांनी तुला तपस्वी म्हटलं. मी खुर्ची धरून बसलो होतो. मग जाहीर झालं की तुझ्या नावानं एक स्मृतिनिधी उभारायचा, स्वतंत्रपणे माहितीपट काढू बघणाऱ्यांना त्यातून मदत द्यायची. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या, दिगू. आणि एकानं अटी वाचून दाखवल्या. पहिली अट, अर्जासोबत तयार कामाचा नमुना जोडावा.

मी उठलो. माझा आवाज तुला माहीत आहे, तंबूच्या दारात घडवलेला. मी म्हणालो, ज्याच्याजवळ नमुना तयार आहे त्याची निम्मी अडचण सुटलेलीच असते. नमुना मागू नका. माणसाला समोर बसवा, त्याला काय दाखवायचं ते ऐकून घ्या, आणि त्याच्या घरच्या तांदळाची एका वर्षाची सोय करा. कोरी फिल्म द्या. आणि फिल्म धुऊन आली की सगळ्यात आधी दुसरी प्रत काढायचे पैसे द्या, म्हणजे... आणि इथे तू माझ्या कानात बोललास. तेबी देली असती. मी तसाच खाली बसलो. सभेला वाटलं की मला रडू आलं, आणि ते खरंच होतं. साहेबांनी उभं राहून सांगितलं की सूचनेचा विचार होईल. ते प्रामाणिक आहेत, विचार करतीलही. पण तू जिवंत असताना हा निधी कुठे गेला होता, हे मी कोणाला विचारू?

वैनी सभेला आली नव्हती. मी घरी जाऊन सगळं सांगितलं. तिनं निधीबद्दल एक शब्द विचारला नाही. ती म्हणाली, "लालसूच्या गावाले कोनं सांगतलं का, भाऊजी?"

कुणीच सांगितलं नव्हतं. आम्ही नागपूरला कळवलं, मुंबईला कळवलं. मला स्वतःची लाज वाटली.

वैनीनं तुझी काळी पिशवी आणून माझ्या हातात दिली. उजेडात फिल्म बदलायला तू हात घालून बसायचास ती, तिनंच जुन्या छत्रीच्या कापडाची दुहेरी शिवलेली. बाह्यांचं रबर सैल झालं होतं, ते तिनं आदल्या दिवशी नवीन घातलं होतं. मी विचारलं, आता रबर कशाला? ती म्हणाली, उजेड शिरते. कॅमेरा मात्र तिनं माझ्या तंबूत ठेवायला दिला आहे. मागायला येईल त्याला द्यायचा, काम झालं की परत घ्यायचा, नमुना विचारायचा नाही. दालनात बसून इतक्या शहाण्यांना जे जमलं नाही ते तिनं दाराच्या उंबऱ्यात ठरवून टाकलं.

मी निघालो. मोटार, मग बंडी. तू नव्हतास तर बंडीवाल्याशी भांडलो. गावात पोचल्यावर काही बोलावं लागलं नाही. मी एकटा उतरलेला बघून गायतानं ओळखलं. जैनी आता फार वाकली आहे. तिनं माझ्या हातातली पिशवी बघितली आणि पुढे चालू लागली, मी मागे.

गावाबाहेर दगड आहेत, मोठे, उभे. लालसूच्या दगडाशेजारच्या झाडाला त्याचा तुंबा अजून टांगलेला आहे, आणि आपला डबा. डब्याला झाकण नाही. मी तो काढून बघितला. फिल्मवरचा थर पावसानं धुऊन गेला आहे, काही ठिकाणी मुंग्यांनी खाल्ला आहे. जी पट्टी हाताला लागली ती मी सूर्याकडे धरली. कोरी काच. लालसू कुठेच नव्हता. आपल्या भांडणात मी जिंकलो होतो रे, अगदी पुराव्यासकट, आणि ते सांगायला तू नव्हतास.

गायताला मी विचारलं, झाकण कधी पडलं? तो म्हणाला, पयल्याच पावसात. मी विचारलं, दिगूनं बघितलं होतं का? "पायलं ना. दरसाल येऊन इथी बसे. पन झाकन नाई लावलं त्यानं."

म्हणजे तुला माहीत होतं. एवढी वर्षं मी तुझं डोकं खात होतो की आज ना उद्या ते रीळ परत मागून आणू, आणि तुला माहीत होतं की त्यात आता काही नाही. तू एकदाही बोलला नाहीस. तू तिथे बसून काय करायचास, दिगू? तुला वाईट वाटायचं का? तू रडलास का कधी? मला सांगितलं असतंस तर मी भांडलो नसतो, तुझ्या शेजारी बसलो असतो. का मी भांडलोच असतो, म्हणून सांगितलं नाहीस? हे आता मी कोणाकडून काढून घेऊ?

त्यांनी तुझ्या नावाचा दगड लावला. लालसूच्या बाजूला, जरा लहान. वैनीनं शिवलेली पिशवी जैनीनं स्वतः झाडाला बांधली. मग तिनं माझ्याकडे वळून काही विचारलं. गायता म्हणाला, बाई विचारते, त्याचं आनखी काई हाय का तुयाजवळ?

होतं. माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं. तुला आठवेल, एकदा नदीवर तू तोंड धूत होतास आणि कॅमेरा माझ्या हातात होता. लालसूनं नुकतीच किल्ली दिली होती. मी गंमत म्हणून तुझ्याकडे रोखला. फिल्म वाया गेली म्हणून तू चिडलास, आणि रीळ जोडताना तो तुकडा कापून मला फेकायला दिलास. मी फेकला नाही. तेवढा एक तुकडा, लालसूच्या रिळातून वाचलेला. तू हलतोस असं जगात दुसरं काही नाही. वैनीला मी विचारलं होतं, ती म्हणाली, मले नका दाखवू आत्ता, तुमच्याजवळच राहू द्या.

मी छोटी डबी बाहेर काढली. हात पुढे केला, पण मूठ उघडेना. खोटं सांगत नाही, मी उघडायला बघत होतो. जैनीनं माझ्या मुठीवर तिचा हात ठेवला, आणि तो तसाच ठेवून गायताशी बोलली.

"बाई म्हनते, राहू दे. तुया जीव भरला म्हनजे आनून ठेव. तवरिक तो तुयाजवळ राह्यल."

घरी आल्यापासून मी रोज भर दुपारी कोठीचं दार लावतो आणि छोटं यंत्र भिंतीवर चालवतो. तू वाकून तोंड धुतोस. वळतोस. आधी हसतोस, मग मी काय करतोय ते तुझ्या लक्षात येतं आणि तू हात हलवून म्हणतोस, बंद कर. आवाज नाही, पण ओठ कळतात. मग लालसूनं दिलेली किल्ली संपते आणि भिंत पांढरी होते. मी पुन्हा लावतो.

या धंद्यात माझं आयुष्य गेलं. प्रत्येक खेळाला फिल्मवर ओरखडा उठतो, हे मला कोणी सांगायला नको. काल तुझ्या गालावरून एक रेघ गेली, ती परवा नव्हती. असंच चाललं तर मीच तुला पुसून टाकीन. म्हणून आज सकाळी शहाण्यासारखं ठरवलं. दुसरी प्रत काढून घ्यायची. ज्यासाठी तुझ्याशी जन्मभर भांडलो तीच. डबी कापसात गुंडाळली, पेटीत घातली, वर कापड शिवलं, मुंबईचा पत्ता लिहिला आणि पोस्टात गेलो. खिडकीतल्या माणसानं वजन केलं. मी विचारलं, परत यायला किती दिवस लागतील? तो म्हणाला, काही सांगता येत नाही, पंधरा दिवस धरा, महिनाही लागेल. आणि त्यानं शिक्का उचलला.

मी पेटी त्याच्या हातातून ओढून घेतली आणि घरी आलो. ती आता समोर आहे, शिवलेली, पत्ता लिहिलेली. महिनाभराचा तर प्रश्न आहे, दिगू. पण तवरिक तू कुठी राह्यशील?